दोनशेच्या वर

धान कापून झालं होतं. शेताच्या बांधीत पेरलेली लाखोरीची डाळ किती उगवली ते पाहत मी उभी होते, तेवढ्यात एक निळं विमान सूं करत आलं आणि माझ्यापासून चार हातांवर चिखलात घुसलं. मागून रिमोट घेऊन एक जण धावत आला.

"लागलं काय तुमाले?"

"मले नाही. लाखोरीले लागलं."

तो हसला. त्याचं नाव उमेंद्र. आमगावात वडिलांच्या पाण्याच्या पंपांच्या दुकानात बसायचा आणि उरलेल्या वेळात अशी विमानं बनवायचा. हे हातभर विमान ताशी एकशे साठ किलोमीटर जायचं. त्याला दोनशे हवे होते.

मी शिवणकाम करते, म्हणून माझं लक्ष आधी पंखाकडे गेलं. वरची, इस्त्रीनं चिकटवायची प्लास्टिकची पन्नी सुरकुतलेली.

"इस्त्री कोणं केली याले?"

"मीच."

"दिसूनच राहिली."

दुसऱ्या दिवशी तो विमान घेऊन थेट माझ्या मशीनसमोर हजर. पन्नी मी नीट बसवून दिली. मग तो येतच राहिला. मोठी मोटर लावली की वजन वाढायचं आणि वेग तिथल्या तिथंच.

"ब्लाउज ढिला झाला तर कापड जोडते काय कोणी? आत घेते," मी म्हटलं.

त्यानं विमानाचं अंग बारीक केलं, पंख पातळ केले. एकशे नव्वदला तो पातळ पंख थरथरला, पिळला आणि हवेतच तुटला.

त्या दिवशी तो नुसता बसून राहिला. मला ते बघवेना. पंखावर काचेच्या धाग्यांचं कापड तो सरळ चिकटवायचा. मी ते उरेब, म्हणजे तिरपं कापलं.

"पंख पिळते तवा ओढ तिरपी बसते. धागा बी तिरपाच पायजे."

तो कापडाकडे बघतच नव्हता... माझ्याकडे बघत होता.

नवा पंख घेऊन आम्ही बोदलकसा तलावाजवळच्या माळावर गेलो. मी गाडीवर मागे, विमान माझ्या मांडीवर. वाऱ्यासोबत आणि वाऱ्याविरुद्ध, असा दोन्हीकडून विमानाचा वेग मोजला. सरासरी दोनशे चार. त्यानं आकडा दोनदा वाचला आणि मान खाली घालून विमान आवरू लागला.

"खूश नाही काय?"

"हाओ ना. पण... तू आता मले कायले येऊ देशील?"

पहिल्यांदाच तो मला 'तू' म्हणाला होता.

"रविवारी मले पाहाले बालाघाटचे पाहुणे येऊन राहिले," मी सांगून टाकलं.

त्याचा चेहरा उतरला. "मग?"

"मग तुमी शनिवारी या. विमान नका आणू. आईले आणा."

त्यानं हातातलं विमान गवतावर ठेवलं. मग म्हणाला, "किती वाजता?"

शनिवारी सकाळी नऊलाच मायलेक दारात उभे होते. माझे बाबूजी अजून आंघोळ करत होते.