वृंदाची पाहणी

दुसरी घंटा होण्याआधी तीन सेकंद मैथिलीने कानांवर हात ठेवले. घंटा वाजली, थांबली, तिने हात खाली घेतले. नाट्यगृहातल्या कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. तिच्या वडिलांना, विलासला मात्र जरा मोकळा श्वास घेता आला.

मैथिली पंधरा वर्षांची, स्वमग्न. अचानक आलेला आवाज तिला चटका बसल्यासारखा लागे. आता तिच्या कानात तुरीच्या दाण्याएवढा पूर्वसूचक होता. घरात त्याला 'मणी' म्हणत. आसपासचे आवाज ऐकून मणी पुढच्या काही क्षणांचा अंदाज बांधायचा आणि कानात सांगायचा : आता टाळ्या होतील, आता लोक हसतील. जोडीचा मणी विलासच्या कानात होता. तिला ऐकू येई ते त्यालाही येई.

आवाज वृंदाचा होता.

वृंदा, त्याची बायको, जाऊन आठ महिने झाले होते. मैथिलीला नाटकाला न्यायचं असो की संग्रहालयात, वृंदा आदल्या दिवशी एकटी तिथे जाऊन यायची. पायऱ्या मोजायची, कुठला पंखा करकरतो ते बघायची, आणि घरी येऊन सगळं क्रमाने सांगायची. ते फोनवर ध्वनिमुद्रितही करून ठेवायची. अकरा वर्षांची ती ध्वनिमुद्रणं विलासने मण्याला दिली. त्याआधीचा, यंत्राच्या आवाजातला मणी मैथिलीने दोनदा पाण्याच्या टाकीत टाकला होता.

या खेपेला पाहणीला विलास गेला होता. गुरुवारी, रिकाम्या नाट्यगृहात. दारावरच्या रखवालदार माळींनी त्याच्यासाठी तिन्ही घंटा वाजवून दाखवल्या.

"तिसरी झाली की पडदाच ना?" विलासने विचारलं.

"मग काय लग्न लावतात?" माळी म्हणाले.

तिसऱ्या घंटेनंतर पडदा, असं विलासने मण्यात भरलं.

"घरी भिंतीएवढ्या पडद्यावर दिसतं की सगळं," शेजारी बसलेली त्याची थोरली बहीण सुलभाअक्का पुटपुटली. "पोरीला कशाला ताप?"

"वृंदा आणायची, अक्का."

"वृंदाची गोष्ट वेगळी होती रे."

आज मैथिली नीट बसली तर पुढेही आणायचं, नाहीतर यापुढे घरीच, असं त्याने मनाशी ठरवलं होतं.

तिसरी घंटा झाली.

"आता पडदा उघडेल," वृंदा कानात म्हणाली.

पडदा उघडला नाही. एक गृहस्थ माइक घेऊन पुढे आले. या रंगमंचावर चाळीस वर्षं प्रकाशयोजना करणारे कलावंत परवा वारले होते. दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहावी, असं ते म्हणाले. खुर्च्या खडखडल्या आणि मग सातशे माणसं एकदम गप्प झाली. कुणी खोकलंसुद्धा नाही.

मण्याला ऐकायलाच काही उरलं नाही. अंदाज खुंटला की तो वृंदाच्या साठ्यातलं, पुढचं ठाऊक नसताना ती म्हणायची ते वाक्य काढायचा.

"थांब," वृंदा म्हणाली. "मी बघून येते."

आणि मणी मुका झाला.

आठ महिन्यांपूर्वी ऑपरेशन थिएटरच्या दारात स्ट्रेचरवरून वृंदा मैथिलीला हेच म्हणाली होती. नवी जागा, आधी बघून येते. मैथिली बाकावर बसून राहिली होती. नंतर ती एकदाही रडली नाही. तेराव्याला निमूटपणे जेवली. पोरीला कळलंच नाही, एका अर्थी बरं झालं, असं सगळे म्हणाले. विलासही म्हणाला होता.

"नको!" मैथिली किंचाळली. "आई, नको! बघायला नको जाऊस!"

सातशे माना वळल्या.

"अहो, श्रद्धांजली चाललीय," मागून कुणीतरी दबक्या आवाजात डाफरलं. "गप्प करा तिला."

अक्काने तिचा दंड धरला. तिने तो हिसडला.

"मैथिली, मी आहे ना," विलास म्हणाला.

"तू नीट बघून आला नाहीस!"

दोन मिनिटं संपली. खुर्च्या वाजल्या, मण्याला पुन्हा ऐकू आलं.

"आता सगळे बसतील," वृंदा म्हणाली. "मग पडदा."

मैथिलीचं रडणं जागच्या जागी थांबलं. बाहीला नाक पुसून ती खाली बसली.

"आली," ती म्हणाली.

नाटक विनोदी होतं. लोक हसत होते, आणि प्रत्येक हशाआधी वृंदा तसं सांगत होती. विलासच्या डोक्यात काहीच शिरत नव्हतं. मैथिलीला आठ महिने सगळं कळत होतं. आई गेली हे तिने एकटीने पचवलं होतं. आज त्याच्या मण्याने ते पुसून टाकलं. आता मणी काढायचा म्हणजे वृंदाला पुन्हा त्या दारातून आत न्यायचं, तेही स्वतःच्या हाताने. आणि ठेवायचा, तर किती वर्षं?

मध्यंतरात अक्का वडे आणायला गेली. मैथिली पहिल्या अंकात एकदाही दचकली नव्हती. तिने विलासचं बोट धरलं. असं ती फार क्वचित करायची.

"बाबा."

"हं."

"आई बघून आली ना?"

विलासने मान हलवली. हो की नाही, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"मग तिथं काय आहे," मैथिलीने विचारलं, "ते ती सांगत का नाही?"