उपाशी कोपरा

सन दोन हजार चोवीस, जानेवारीची अकरा तारीख, वेळ अमावस्येचा सण. थंडी बोचरी होती आणि ज्वारी डोक्याएवढी उभी होती. आमचं रान अणदूरच्या शिवारात. मी गुरुसिद्धप्पा, चौथी शिकलेलो. पाहिलं तेवढंच सांगतो.

त्या दिवशी आमच्याकडं सगळे रानात जेवतात. आधी ताक आणि ज्वारीच्या पिठाची आंबील पिकावर शिंपत बांधाबांधानं फिरायचं. पुढचा शिंपतो, 'चांगभलं' म्हणतो. मागचा साथ देतो. आमच्या घरची एक वेगळी रीत होती. उत्तरेच्या कोपऱ्यात आंबील न्यायची नाही. आज्ज्यानं नेली नाही, बापानं नेली नाही, मी नेली नाही. कारण कोणी विचारलं नाही.

यंदा सून दीपमाला पुढं होती. तिला सातवा महिना होता. कोपऱ्यापाशी मी म्हणालो, "बास. वळ माघारी."

"का मामा? ह्या कोपऱ्यानं तुमचं काय घोडं मारलंय?" ती हसली आणि मी अडवायच्या आत तिनं आंबील शिंपली. "चांगभलं!"

मी तोंड उघडलं नव्हतं. तरी ज्वारीतून साथ आली. बाईचा आवाज. बारीक, कोरडा.

त्या दिवसापासून दीपमालाचं पोट भरेना. चार भाकरी खायची आणि तिथंच बसून रडायची. "मामा, जेवले... पण आत काहीच गेलं न्हाय." बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. सोलापूरच्या डॉक्टरांना काही सापडलं नाही. बाळ वाढत नाही, एवढंच म्हणाले.

मुलगा विरुपाक्ष देवऋषी शोधू लागला. मी जुना नकाशा शोधायला निघालो. रीत आज्ज्याची, तर कारण त्याच्या काळच्या कागदात असणार.

धाराशिवला कचेरीत निजामाच्या वेळचे कागद आहेत, पण उर्दूत. ते वाचायला जैनुद्दीन मास्तरांना सोबत घेतलं. भर दुपार होती, तरी खोलीत दिवा लावावा लागला. कागदांच्या बस्त्यांना धुळीचा आणि डांबरगोळ्यांचा वास होता. मास्तरांनी कापडावर चिकटवलेला नकाशा उलगडला. आमच्या रानाच्या उत्तर कोपऱ्यात लाल रेघ होती. सात गुंठे वेगळे.

"आप्पा, हे तुमचं नव्हतं." त्यांनी त्याच नंबराचा कागद काढला. बोट हळूहळू सरकू लागलं. "नीलव्वा... बेवा शरणबसप्पा. म्हंजे त्याची विधवा."

"शरणबसप्पा? आमच्या वंशावळीत ह्या नावाचं कोण न्हाय."

"तुमच्या आज्ज्याचा थोरला भाऊ. हितं लिवलंय." मास्तरांचा आवाज उतरला. "नीलव्वा फौत, म्हंजे मेली... दुष्काळात, भुकेनं. वारस न्हाय. जमीन दिराकडं. अंगठा सिद्रामप्पाचा."

सिद्रामप्पा म्हणजे माझा आज्जा. त्या दुष्काळात आमची जमिनीतली दोन पेवं ज्वारीनं भरलेली होती, हे तो मिशीवर हात फिरवून सांगायचा. आमच्या दारातून कोणी उपाशी गेलं नाही, हे मी आजवर चावडीवर सांगत आलो.

"मास्तर, पुन्हा वाचा."

"नको आप्पा..." त्यांनी रुमाल नाकाला लावला. बंद खोलीत आंबलेल्या ताकाचा वास पसरला होता.

घरी येऊन मी वंशावळीच्या कागदावर माझ्या हातानं दोन नावं लिहिली, शरणबसप्पा आणि नीलव्वा.

विरुपाक्ष म्हणाला, "अण्णा, चारचौघांत घराची अब्रू जाईल."

"ती गेलीय. शंभर वर्षं झाली."

दुसऱ्या दिवशी दुपारी एकटा रानात गेलो. कोपऱ्यातली ज्वारी कापली, कडब्याची लहान कोप, म्हणजे खोपटी, उभी केली आणि आत ताट ठेवलं. भाकरी, झुणका, शेंगाची चटणी.

"मोठ्या आज्जी, आमचं चुकलं. जेवा."

पाठ करून बसलो. वारा नव्हता. पाखरू नव्हतं. मग भाकरी मोडल्याचा आवाज आला... मग चावण्याचा. घाई नव्हती त्यात. फार वेळ चाललं. शेवटी बोटानं ताट निपटल्याचा आवाज आला. मी वळलो नाही.

सगळं शांत झाल्यावर पाहिलं. जेवण झालं की आम्ही लिंगायत ताट धुऊन ते पाणी पितो, कण वाया जाऊ देत नाही. ताट तसंच धुतलेलं होतं. ओलं.

पाण्याचा तांब्या न्यायला मी विसरलो होतो.

घरी आलो. दीपमाला दारात बसली होती. सकाळपासून तिनं अन्नाला हात लावला नव्हता.

"मामा," ओठ पुसत ती म्हणाली, "पोट भरलं."

ऋण फिटलं.