मेंढमाळावरची तिसरी सावली

आमच्या मेंढमाळावर जोडपं पॅराग्लायडिंगला, म्हणजे कापडी पंखाखाली लटकून उडायला, आलं की दोघांनाही एकाच वेळी आभाळात न्यायचं, ही आमची पद्धत. नवरा भागवतच्या पंखाला, बायको माझ्या. बाकीच्या ठिकाणी आधी एक जण जातो, दुसरा खाली मोबाईल धरून मान वर करून उभा राहतो. आमच्याकडं तसं नाही. आम्ही दोघंही पायलट, तेही नवराबायको, आणि असं दुसरं जोडपं मराठवाड्यात मला तरी माहीत नाही. हे मी मिरवून सांगते. मिरवण्यासारखंच आहे.

तुळजापूर ओलांडून पुढं गेलं की बालाघाटाची कड एका जागी तुटते आणि खाली सोलापूरच्या दिशेनं सपाट रान पसरतं. त्या तुटलेल्या कडेवरचा उतार म्हणजे मेंढमाळ. कुसळी गवत, बोरी, सीताफळीची झुडपं आणि दिवसभर चढणारा वारा. माझे वडील सिदू याच उतारावर मेंढरं चारायचे. त्यांच्यामागं हिंडताना मी घारी बघायची. पंख न हलवता त्या वर कशा जातात, हे पुढं धाराशिवच्या कॉलेजात फिजिक्स शिकताना कळलं, आणि कळल्यावर बघत बसणं अवघड झालं. कामशेतला जाऊन उडायला शिकले. तिथंच भागवत भेटला. त्याचे वडील एसटीत ड्रायव्हर, हा आभाळातला. लग्न करून आम्ही परत माझ्या डोंगरावर आलो तेव्हा गावात बोलणं झालं, की सिदूची पोरगी डोक्यानं गेली.

या माळावरून पहिल्यांदा मी वडिलांना घेऊन उडाले. उतरल्यावर ते सरळ पारावर गेले आणि बसलेल्यांना म्हणाले, "म्या घारीच्या पाठीवरून आपली मेंढरं बघितली." त्या दिवसानंतर गाव आमच्या बाजूनं झालं.

मग जोडपी यायला लागली. बहुतेक आई भवानीचं दर्शन घेऊन आलेली, कपाळाला मळवट, हाताची हळद न उतरलेली. हिरवा चुडा घातलेल्या पोरी, आयुष्यात कधी झाडावर न चढलेल्या, माझ्या पुढ्यात पट्ट्यांनी बांधून घेऊन कडेवरून धावायच्या आणि पाय सुटले की आधी डोळे मिटायच्या, मग हसायच्या. ते हसणं ऐकण्यासाठी मी हे काम करते.

हरभरा निघून रानं उघडी पडली होती, त्या दिवसांतली गोष्ट. लातूरकडची एक नवी नवरी माझ्या पुढ्यात होती. सकाळचं ऊन तिरपं पडलेलं, हवा स्वच्छ. तिनं खाली बोट केलं.

"ताई, तिसरं कुणाचं हाय?"

खाली काळ्या रानावरून आमच्या पंखाची सावली सरकत होती. बाजूला भागवतची. आणि त्यांच्या पुढं, थोड्या अंतरावर, आणखी एक.

मी वर बघितलं, मागं बघितलं. आभाळात आम्ही दोघंच.

ढगाची असेल म्हटलं, तर ढग नव्हता. रानातला ओला पट्टा म्हणावा, तर तो सरकत नाही. मी मुद्दाम डावीकडं वळले. माझी सावली वळली. भागवतची आपल्या वाटेनं गेली. तिसरी तिच्या मनानं एक सावकाश फेर घेऊन उताराकडं वळली. आकार आमच्यासारखाच, कमानीचा, कडा स्पष्ट. फरक एकच होता. आमच्या सावल्यांखाली लटकलेल्या दोघादोघांचा ठिपका होता. तिच्याखाली काही नव्हतं. पंख रिकामा होता.

वॉकीटॉकीवर मी म्हणाले, "भागवत, खाली बघतोयस का?"

"बघतोय. मागल्या आठवड्यापासनं बघतोय."

जोडपं गेल्यावर मी त्याला विचारलं, इतके दिवस बोलला का नाहीस. तो दोऱ्या सोडवत होता. म्हणाला, "तू फिजिक्सवाली. म्हटलं, आधी तुला दिसू दे. मी सांगितलं असतं तर तुला सांगितल्यामुळं दिसलं असतं."

मला ते पटलं. मी तपासायला लागले. वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या उंचीवरून. एकटी उडाले तेव्हा ती आली नाही. भागवत एकटा उडाला तेव्हाही नाही. दोन पंखांवर एक जोडपं असलं, की ती असायची. का, ते मला सांगता येत नाही. मी फक्त बघितलेलं सांगते.

आणखी एक गोष्ट लक्षात आली, आणि तिथं आम्ही बिघडलो. ती सावली जिथं फेर धरायची, तिथं वर चढणारी हवा असायची. हातावरचं यंत्र उंची वाढली की चिवचिवतं. त्या जागेवर गेलं की ते थांबायचंच नाही. आम्ही तिच्या मागं जायला लागलो. इतर कुणी उतरलं असतं अशा मंद हवेत आम्ही वर राहायचो. पुण्याकडचे काही पायलट मेंढमाळ बघायला आले, आमच्यासोबत उडाले आणि आमच्या डोळ्यांदेखत एकेक करून खालच्या रानात उतरले. आम्ही वरच. संध्याकाळी त्यांनी विचारलं, तुम्हाला कळतं तरी कसं? भागवत माझ्याकडं बघून हसला. मी म्हणाले, "डोंगर आमचा आहे." छाती भरून आली होती माझी, खोटं कशाला बोलू.

वडिलांना मात्र सांगितलं. ते उतरायच्या रानात वाऱ्याचा झेंडा धरून उभे असायचे. त्यांनी रानातल्या त्या सावलीकडं बराच वेळ बघितलं.

"मेंढरं म्होरच्याच्या मागं जात्यात," ते म्हणाले. "म्होरं कोण हाय, त्ये बघत न्हाईत." आणि झेंडा काखेत मारून ते घरी गेले.

त्यानंतर ती जवळ यायला लागली. माझ्या नाही, भागवतच्या सावलीच्या. आधी दोन वावरांचं अंतर असायचं, मग एका वावराचं, मग बांधाएवढं. भागवतला सांगितलं तर तो म्हणाला, "मग हवा बी तिथंच चांगली आसंल."

तेरखेड्याचा महारुद्र आणि त्याची बायको सोनाली आली ती ऊन तापायला लागलेल्या दिवसांत. महारुद्रच्या घरचा शोभेच्या दारूचा कारखाना. सोबत त्याची आई धुरपदाबाई, ठसठशीत कुंकू, नऊवारीचा ओचा खोचून पार माळावर चढून आलेली. मी खुर्ची दिली तर बसली नाही.

"आमच्या घरानं पिढ्यान् पिढ्या आभाळात दारू धाडली, बाई," ती म्हणाली. "माणूस आज पहिल्यांदा चाललाय. म्या उभी राहून बघणार."

महारुद्र चांगला भरलेला गडी. भागवतनं त्याचे पट्टे आवळले, दोनदा ओढून बघितले, पंख मिटला तर फेकायची राखीव छत्री पाठीमागं जिथं बंद असते त्या कप्प्याची पिन आणि तिच्यावरचा लाल दोरा मला दाखवला. आम्ही एकमेकांचं नेहमी असंच बघतो. वारा सरळ होता. आधी ते धावले, मागोमाग आम्ही.

सोनाली घाबरली नाही. वर गेल्यावर तिनं दोन्ही हात पसरले आणि नवऱ्याला हाक मारली. लांबून महारुद्रनं हात हलवला. धुरपदाबाई कडेवर एवढीशी दिसत होती, पदर वाऱ्यावर. त्या क्षणी मला आमचा, त्या बाईचा, त्या डोंगराचा असा अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं.

मग मी खाली बघितलं.

दोन सावल्यांत आता बांधाएवढंही अंतर नव्हतं.

वावटळ मी आधी ऐकली. खालच्या नांगरटीतून तांबूस धूळ पिळत वर आली, वाळका पाला, ज्वारीचं पाचट, सगळं घेऊन. मी तिच्या वाटेतून बाहेर पडले. भागवत तिच्या आणि उताराच्या मधे होता.

"उजवीकडं," मी वॉकीटॉकीवर म्हणाले.

त्याच्या लाल पंखाची एक बाजू कागदासारखी दुमडली.

पंख फिरायला लागला. एक फेर, दुसरा. ते दोघं दोरीला बांधलेल्या दगडासारखे बाहेर फेकले गेले. सोनालीनं माझा हात धरला, इतका घट्ट की माझ्या हातातली ब्रेकची दोरी ओढली जात होती.

पांढरी छत्री बाहेर पडली. भागवतनं राखीव फेकली होती. मी ती उघडताना बघितली.

उंची राहिली नव्हती.

ते उताराखालच्या घळीच्या कडेआड गेले, आणि पांढरं कापड त्यांच्यामागं गेलं.

भागवतची सावली घळीच्या तोंडाशी थांबली होती. पसरलेली, हलत नसलेली. तिसरी सावली सावकाश तिच्याकडं सरकली. घाई नव्हती तिला. ती वर आली, पूर्ण झाकून बसली. जमिनीवर एकच काळा आकार उरला.

मग तो हलला.

घळीतून आधी लाल पंख वर आला, पूर्ण भरलेला, एक सुरकुती नसलेला. त्याखाली भागवत. त्याच्या पुढ्यात महारुद्र. ते सरळ वर येत राहिले, आमच्या पातळीला आले, आमच्याही वर गेले. वावटळ तिथंच फिरत होती. त्यांचा पंख तिच्यातून गेला आणि हलला नाही.

भागवतसारखं उतरताना मी कुणाला बघितलं नाही. पाय टेकले, आवाज नाही, धूळ नाही. धुरपदाबाईला गाडीनं खाली आणलं होतं. ती धावत गेली, लेकाच्या तोंडावरून हात फिरवून तिनं बोटं मोडली आणि मग भागवतच्याही. "वाघ हाय तुझा नवरा, बाई. वाघ." महारुद्र हसत होता. सोनाली त्याच्या दंडाला धरून उभी होती, सोडत नव्हती.

सगळे बाजूला झाल्यावर मी भागवतला विचारलं, "राखीव इतक्या खाली का फेकलीस?"

"फेकली न्हाय."

"मी बघितली उघडताना."

त्यानं पाठ वळवून दाखवली. कप्पा बंद होता. पिन जागेवर. लाल दोरा तसाच.

"बोरीचे काटे दिसले," तो म्हणाला. "एकेक काटा. एवढं आठवतंय. मग वर होतो."

ती सावली पुन्हा दिसली नाही. भागवतही पुन्हा उडाला नाही. पंख तपासायला पाठवू म्हणायचा, आज नको म्हणायचा. मी टोकलं नाही. असं झाल्यावर माणूस काही दिवस जमिनीवर राहतो. नवीन सवय एकच लागली. पंखाची भरलेली जड पिशवी तो पाठीवर घेऊन हिंडायचा. घरात, अंगणात, दुकानाला जाताना. जेवायला बसतानाही उतरवायचा नाही. विचारलं तर म्हणायचा, "बरं वाटतंय."

धुरपदाबाईनं नवस बोलला होता. लेक सुखरूप उतरला म्हणून त्याची गूळतुला. मला लेक आणि भागवतला जावई म्हणून मानाचं बोलावणं आलं. तेरखेड्यात त्यांच्या अंगणात मांडव होता, हलगी वाजत होती, आडतीतला मोठा तराजू तिवईला टांगला होता. भागवतला फेटा बांधला. मला खण-नारळ दिला. पहिल्या रांगेत लाकडी हाताच्या खुर्च्या होत्या. "बसा की जावईबापू, वझं घरात ठिवू," म्हणून धुरपदाबाईनं भागवतच्या पाठीवरची पिशवी स्वतः उतरवून घेतली. तो झटक्यात खुर्चीत बसला. गावची माणसं येऊन त्याचा हात हातात घेत होती, पोरांना त्याच्याकडं बोट करून दाखवत होती. असा नवरा माझा. मी खुर्चीमागं उभी राहिले, बसवेना मला आनंदानं.

महारुद्र पारड्यात बसला. पारडं जिथं होतं तिथंच राहिलं. कुणाच्या लक्षात आलं नसावं. पूजेला बोलावलेल्या भीमाशंकर स्वामींनी मंत्र म्हणून दुसऱ्या पारड्यात गुळाची पहिली ढेप ठेवली.

महारुद्रचं पारडं वर गेलं आणि डुलत राहिलं.

लोक हसले. काटा जाम झाला म्हणाले. कुणीतरी साखळी हलवून बघितली. ढेप काढून नारळ ठेवला, तरी तेच. मग गुळाचा खडा. मग स्वामींनी नुसतं बेलाचं पान ठेवलं, आणि त्यांचा हात पारड्यावरच थांबला. धुरपदाबाईनं पुढं होऊन लेकाचं पारडं खाली धरलं. "झाली तुला," ती मोठ्यांदा म्हणाली. "गूळ वाटा. हलगी वाजू द्या." तिची मान ताठ होती. सोनाली तराजूकडं बघत नव्हती. ती माझ्याकडं बघत होती.

"आता पायलटसाहेबाला बसवा," मागून कुणीतरी म्हणालं. टाळ्या पडल्या. सगळे भागवतकडं वळले.

"नको," तो हळूच म्हणाला. त्याच्या दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे इतके आवळले होते की बोटं पांढरी पडली होती.

वारा आला. मांडवाचं कापड फुगलं, फेट्याचा शेमला उडाला. मी मागून त्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. समोर फोटो काढत होते. सगळ्यांना वाटलं, बायको अभिमानानं उभी आहे.

मी जोर लावून त्याला खाली धरलं होतं.