ताजुद्दीनचा फ्लॅश

खोटं वाटलं तर खुशाल हसा. पण इस्माईलमामू माझ्या आईचे सख्खे भाऊ, आणि ते थापा मारणाऱ्यातले नव्हते.

साल अठ्ठ्याहत्तर. पौडला मामूंचा फोटो स्टुडिओ होता. समोरच ताजुद्दीनचा.

लग्न कुणाचंही असो, सुपारी ताजुद्दीनला!

कॅमेरा दोघांचा सारखाच, हलका छोटा रेंजफाइंडर. पण ताजुद्दीन आपला बारका फ्लॅश वायरीला जोडून डाव्या हातात लांब धरायचा. त्यावर पांढरा रुमाल बांधायचा. आणि विचारायचा, "जेवलात का?"

माणूस हसलं की खटका दाबायचा.

मामूंचा नुसता जळफळाट व्हायचा. त्यात आबेदामामीला आधी स्थळ आलं होतं, तेही ताजुद्दीनचंच.

मग ताजुद्दीन काविळीनं गेला.

मामूंनी कबरीवर माती टाकली... आणि मनात म्हणाले, सुटलो एकदाचा!

पुढं ते पुण्याला फ्लॅश घ्यायला गेले. दुकानदारानं दोन काढले. एक नवा, भलामोठा.

"हा तुमच्या कॅमेऱ्यावर जड होईल," तो म्हणाला. "हा बारका बघा. जुना आहे, पण खिशात मावतो."

बारक्याच्या तोंडाला रुमालाची चिंधी अजून चिकटलेली होती...

मामूंनी ओळखला. ताजुद्दीनची सगळी करामत ह्या डबीत होती तर! नव्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

घरी येऊन चिंधी फाडली, वायर कापली आणि फ्लॅश सरळ कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवला.

जवळच्या रिहे गावात किसनच्या पोरीचं लग्न होतं. मामूंनी फोटो काढले. धुऊन बघतात तर...

सगळ्या सावल्या उजवीकडे.

फ्लॅश कॅमेऱ्यावर असला की सावली माणसाच्या पाठीमागं दडते. ह्या मात्र एका बाजूला पडलेल्या. कुणीतरी डावीकडून हात लांब करून उजेड पाडावा, तशा.

नवरीची आजी अनुसया म्हणाली, "लई ब्येस! आक्षी ताजूभाईनं काढल्यागत."

मामूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेला तरी नाव त्याचंच!

एक तरी फोटो निव्वळ आपला हवा, म्हणून त्यांनी दिवेलागणीला मामीला खुर्चीत बसवलं. दार लावलं. घरात दोघंच.

मामू दम रोखून फोकस जुळवत होते. तोंडातून ब्र नाही.

मामी एकाएकी हसली...

फ्लॅश उडाला.

फोटो धुतला. मामी काय सुरेख हसत होती! मामूंकडं बघून ती तशी कधीच हसली नव्हती.

पण नजर भिंगात नव्हती. डावीकडं, हातभर लांब...

"कुटं बगत हुतीस गं?"

"तुमच्याकडंच की," मामी म्हणाली. "तुमीच इचारलंत न्हवं... जेवलीस का म्हून?"

फ्लॅश मामूंनी मुळशीच्या धरणात फेकला. मामीचा तो फोटो आता माझ्या घरी आहे. त्याच्यासमोरनं जाताना, दुसऱ्याचं गुपित बघितल्यागत, मी अजून मान खाली घालतो.

मामू प्रत्येक फोटोमागं आपल्या स्टुडिओचा शिक्का मारायचे.

मामीच्या त्या फोटोमागं मात्र त्यांनी मारला नाही.