कोरा म्हणून दिलेला कॅमेरा

जवळ सरकून बसा. आणि तो मोबाईल पालथा घाल रे, उजेड डोळ्यांत जातो.

मी सांगतोय ते माझ्या दोस्ताचं आहे. तीस वर्षांची दोस्ती आमची. कॅमेरे दुरुस्त करायचे, म्हणून सगळे त्यांना भिंगकाका म्हणत. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, आणि सांगताना एकदाही माझ्याकडे मान वर करून बघितलं नाही. भुताने घाबरलेली माणसं मी पुष्कळ पाहिली. भुतापुढे शरमलेला माणूस मात्र तेवढा एकच.

भिंगकाकांचं दुकान म्हणजे घराचीच रस्त्याकडची खोली. एक लांब टेबल, त्यावर दिवा, पेचकसांची पेटी, जुना कॉम्प्युटर, आणि समोर गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. बायको जाऊन सात वर्षं झाली होती. एकुलती एक लेक त्याच गावात दिलेली. जावयाचं बाजारात कॅमेऱ्यांचं दुकान, चांगलं चालणारं.

अलीकडे काकांकडे दुरुस्तीपेक्षा वेगळंच काम यायला लागलं होतं. लोक नवा कॅमेरा घेत आणि तो खरंच नवा आहे का, हे बघायला काकांकडे आणत. वापरलेला माल पुसूनबिसून नव्या खोक्यात घालणारे महाभाग असतातच ना! काका खोक्याची चिकटपट्टी बघत, भिंग जिथे बसतं ती धातूची कडी बघत, पट्टा अडकवायच्या कानांवर ओरखडे आहेत का बघत. मग एक फोटो काढून कॉम्प्युटरला लावत. कॅमेऱ्याने जन्मात किती वेळा डोळा उघडमीट केला, त्याचा आकडा आतच कुठेतरी लिहिलेला असतो. तो काढायचं काकांना बरोबर ठाऊक. सगळं ठीक असलं की चिठ्ठीवर एकच शब्द लिहून सही करत : ‘कोरा’. त्या चिठ्ठीवर दुकानदारसुद्धा तोंड उघडत नसत. काकांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

तर, डिसेंबरातला गुरुवार. संध्याकाळचे सात वाजलेले. एक बाई आली. बसमध्ये कंडक्टर होती. ड्युटी संपवून थेट आलेली, अंगावर गणवेश, बोटांना तिकिटांची शाई. पिशवीतून तिने खोकं असं काढलं, जसं कुणी झोपलेलं मूल पाळण्यातून काढतं.

“काका, एवढं बघून द्या. आजच घेतलाय.”

“बसा ताई. घाई नाही ना?”

“घाई कसली! चार वर्षं वाट बघितलीय, आणखी अर्धा तास.” ती हसली. “तुम्हाला हसू येईल. पण आम्ही पाच बहिणी, मी शेंडेफळ. दप्तर थोरलीचं, गणवेश दुसरीचा, सायकल तिसरीची. चप्पलसुद्धा कुणाच्या तरी पायाला सैल झालेली. म्हटलं, एक तरी वस्तू अशी हवी की तिचा पहिला दिवस माझ्याकडे उजाडला. यातला पहिला फोटो माझाच हवा. म्हणून अजून चालूसुद्धा केला नाही.”

“मग तपासायला मला एक काढावा लागेल,” काका म्हणाले.

“तुमचा चालेल. तुम्ही डॉक्टर.”

काकांनी खोकं उलटंपालटं केलं. बाजूला जावयाच्या दुकानाचा शिक्का होता. त्यांना बरंच वाटलं. घरचंच दुकान, बघायचं ते काय! पण सवयीने बोट चिकटपट्टीवरून फिरलं. पट्टीखाली आणखी एक पट्टी होती.

भिंग उतरवून बघितलं. कडीवर केसाएवढी चकाकणारी रेघ. त्यांनी पांढऱ्या कागदाचा एक फोटो काढला, कॉम्प्युटरला लावला.

आकडा आला बासष्ट.

एक त्यांचा आत्ताचा. म्हणजे आधीचे एकसष्ट.

बाई समोर बसली होती. काकांच्या चेहऱ्याकडे बघत होती, परीक्षेचा निकाल ऐकायला बसावं तशी. आणि काकांच्या डोळ्यांपुढे लेक उभी राहिली. दोनच महिन्यांपूर्वी जावयाशी कशावरून तरी शब्दाला शब्द लागला होता, तेव्हा लेक रडत म्हणाली होती, “बाबा, तुमचा खरेपणा तुमच्यापाशी ठेवा, मला या घरात नांदायचंय.” आपलेच दात, आपलेच ओठ.

“कोरा आहे,” काका म्हणाले.

म्हणाले, आणि नजर दिव्याकडे वळवली. चिठ्ठी लिहिली. आजवर त्या शब्दाला त्यांचा हात कधी अडखळला नव्हता. त्या दिवशी काना जरा वाकडा पडला.

“फक्त आत धुळीचा कण दिसतोय. रात्रभर ठेवा माझ्याकडे. सकाळी साफ करून देतो.”

हे दुसरं खोटं. आकडा पुसायला त्यांना वेळ हवा होता.

“ठेवा की,” ती म्हणाली. “सगळ्यांनी सांगितलं होतं, भिंगकाका सांगतील ते खरं.”

ती गेल्यावर काकांनी जावयाला फोन लावला.

“तो कॅमेरा कुणाचा होता?”

“अहो बाबा, नवाच म्हणायचा तो. एका शिंपीणबाईने घेतला होता. आजारी होती. महिन्याभरात गेली. नवरा परत घेऊन आला, म्हणाला, घरात बघवत नाही. खरचटलेलासुद्धा नव्हता.”

“आणि तिचे फोटो?”

“कार्ड पुसलं आणि तेच फुकट म्हणून दिलं आतच. तुम्ही काही बोलला नाहीत ना?”

काकांनी फोन ठेवला.

त्या रात्री ते जेवले नाहीत. दार लावून घेतलं, टेबलाशी बसले. सव्वाअकरा झाले होते. रस्ता निजला होता. कॅमेऱ्याच्या कंपनीत नोकरीला असतानाचा एक प्रोग्राम त्यांच्याकडे होता, आकडा शून्यावर आणणारा. दुरुस्तीनंतर कंपनीच वापरायची तो. काकांनी लबाडीसाठी त्याला कधी हात लावला नव्हता. त्या रात्री लावला. बासष्टाचं शून्य झालं.

शून्य. कोरा करकरीत.

त्यांनी कॅमेरा बंद केला, वायर काढली, चष्मा काढून डोळे चोळले.

खट्.

आवाज ओळखीचा. आयुष्यभराचा. पण कॅमेरा बंद होता...

त्यांनी तो परत चालू केला, वायर लावली. आकडा एक.

नव्या यंत्रातही कधी काहीतरी बिघडतं. असं स्वतःलाच सांगत त्यांनी पुन्हा शून्य केलं. बंद केला. या वेळी बॅटरीही काढली. बॅटरी टेबलाच्या या टोकाला, कॅमेरा त्या टोकाला.

खट्.

मग थोडा वेळ काहीच नाही.

खट्. खट्.

काका जागचे हलले नाहीत. हलता येईना. ते ऐकत राहिले. यंत्र बिघडलं की एका तालात वाजतं, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? याला ताल नव्हता. एक व्हायचा, मग बराच वेळ शांत. मग घाईने दोन. मग पुन्हा शांत... कुणीतरी बघत होतं. काय टिपावं ते शोधत होतं. सापडलं की टिपत होतं.

ते नकळत मोजू लागले.

वीस... एकवीस...

दिवा तसाच जळत होता. खोलीत थंडी नाही, वारा नाही. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही.

चाळीस.

आता मध्ये थांबणं वाढलं. जणू हात दमत होता.

पंचावन्न... छप्पन्न...

साठ.

मग इतका वेळ गेला, की काकांना वाटलं, संपलं.

खट्.

एकसष्ट.

काकांचे डोळे टेबलावर खिळलेले. समोरच्या स्टुलाकडे बघायचं नाही, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. कारण स्टूल... करकरलं. माणूस पुढे वाकून बसतो ना, तसं.

आणि अगदी हळू, थकलेल्या बाईच्या आवाजात, एकच शब्द आला.

“कोरा...?”

राग नव्हता त्यात. रडणंही नव्हतं. आपण केलेलं काम कुणी झालंच नाही म्हणावं, आणि आपण विचारावं, खरंच?... तसं.

काका मला म्हणाले, “रागावली असती तर मी पळालो असतो रे. भीतीला पाय असतात. लाजेला नसतात.”

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं त्यांना.

“नाही,” ते म्हणाले. “नाही बाई. एकसष्ट.”

...

...

स्टूल पुन्हा एकदा करकरलं. मग घड्याळाची टिकटिक ऐकू आली. दीड वाजला होता.

काका झोपले नाहीत. त्यांनी कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलं. कार्ड पुसलं म्हणजे सगळं जातं असं नाही. पाटी पुसली तरी तिरकी धरली की अक्षरं दिसतात, तसंच ते. पहाटेपर्यंत खटपट केली. एकेक फोटो वर येत गेला.

भयंकर काही नव्हतं त्यांत. खिडकी होती, सकाळची, दुपारची. दोरीवर वाळत घातलेले चार कपडे. खुर्चीत तोंड उघडं टाकून झोपलेला नवरा, तो मात्र सात-आठ वेळा. शेजारची मांजर. शिलाईच्या यंत्रावर टाकलेलं फडकं. स्वतःचाच हात, उजेडात धरलेला, दर वेळी आणखी बारीक. अंथरुणातून जेवढं जग दिसतं तेवढं तिने जमवलं होतं. आणि ते सारं काकांनी एका शब्दात नाही म्हटलं होतं. भिंगकाका त्या टेबलावर डोकं ठेवून रडले. बायको गेली तेव्हाही एवढे रडले नव्हते.

सकाळी सहाला ते बसडेपोत गेले. कंडक्टरबाई पहिल्या गाडीवर चढत होती. त्यांना बघून तिचा चेहरा खुलला.

“झाला साफ?”

“ताई, तो कोरा नाही. मला कालच कळलं होतं. दुकान माझ्या जावयाचं आहे.”

भुताचं काहीच सांगितलं नाही त्यांनी. भुताच्या आड लपल्यासारखं झालं असतं ते.

तिने शिव्या दिल्या असत्या तर काकांना हलकं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, “म्हणजे, तुम्हीसुद्धा.”

आणि घंटी वाजवली. गाडी निघून गेली.

काका तिथून थेट जावयाच्या दुकानात. गिऱ्हाइकांनी भरलेलं दुकान. जावई म्हणाला, “बाबा, आत या, आत बोलू.” काका म्हणाले, “आत बोलायचं होतं ते काल बोललो. त्याचीच लाज वाटतेय.” आणि सगळ्यांसमोर सांगितलं; जावयाने काय केलं ते, आणि आपण काय केलं तेही. जावयाने दात-ओठ खात नवं खोकं टेबलावर आपटलं. लेकीने वर्षभर फोन उचलला नाही. आता उचलते, पण बोलणं मोजकंच.

तो जुना कॅमेरा आणि एकसष्ट फोटोंचे कागद घेऊन काका शिंपीणबाईच्या घरी गेले. नवरा रंगारी, दारातच उभा. काकांनी चुकलं-माकलं सगळं सांगितलं. त्या माणसाने एकेक फोटो जमिनीवर मांडला. शेवटी म्हणाला, “मी तिला म्हणायचो, कशाला उगीच क्लिक क्लिक करतेस, काय आहे या खोलीत. एकसुद्धा बघितला नव्हता मी.” आणि स्वतः झोपलेला होता तो फोटो उचलून कपाळाला लावला. काका उठले. दोघांपैकी कुणालाच कुणाकडे बघवत नव्हतं.

आता शेवटचं. मग तुम्ही झोपा, झोप आली तर.

त्याच दिवशी संध्याकाळी काका नवं खोकं घेऊन डेपोवर गेले. बाईने ते घेतलं. स्वतःच चिकटपट्टी तपासली, धातूची कडी तपासली. काकांनी शिकवल्यासारखी. बॅटरी घातली, कार्ड घातलं.

“हा कोरा?”

“मी आता तो शब्द लिहीत नाही ताई. तुम्हीच बघा.”

“मग उभे राहा तिथे भिंतीपाशी,” ती म्हणाली. “पहिला फोटो मी काढणार, आणि तो तुमचा.”

शिक्षाच होती ती. काका भिंतीपाशी उभे राहिले. भोवती कोणी नाही, डेपोचं अंगण रिकामं. तिने म्हटलं, “वर बघा.” काकांना वर बघता येईना. हनुवटी छातीला टेकलेली, डोळे आपल्याच चपलांवर. “राहू दे,” ती म्हणाली, आणि बटण दाबलं.

मग ती कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघत राहिली. एकदा काकांकडे बघितलं. पुन्हा पडद्याकडे. मग तिने कॅमेरा त्यांच्या हातात दिला.

तो फोटो मी स्वतः पाहिलाय. काकांच्या कपाटात आहे, कुणाला दाखवत नाहीत. भिंत आहे, अंगण आहे, एकटे काका आहेत.

पण फोटोत मान वर आहे. डोळे कॅमेऱ्याकडे नाहीत... बाजूला आहेत. शेजारी कुणी उभं असावं, आणि त्याने हळूच हाक मारली असावी...

आणि ओठ उघडे आहेत. ‘ओ’ देताना असतात, तसे.