कमरेचा दोर

एकोणीसशे एक्कावन्न सालच्या माघातली दुपार. शिवाजी पेठेतल्या तालमीमागं जोतीराम बंबाच्या दांड्याला निवांत तेल देत बसला होता. त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, पण दुपारी फळ्या लावून तो इथं यायचा. पेठेतल्या बारा जणांनी मिळून हे सेवा पथक उभं केलं होतं. लढाईनंतर लिलावात निघालेली एक लॉरी, तिच्यामागं जोडलेला हातबंब आणि जखमींसाठी दोन स्ट्रेचर, एवढाच त्यांचा संसार. घंटा वाजली की ज्यानं त्यानं हातातलं काम टाकून पळत यायचं.

त्या दुपारी घंटा वाजली. उचगावच्या शिवारात गुऱ्हाळ पेटलं होतं.

पथकातल्या पिराजीनं लॉरी अशी पिटाळली, की मागं बसलेल्यांची हाडं खिळखिळी झाली. पोचले तेव्हा चिपाडाचा डोंगर धडाडून पेटला होता. धुरानं सूर्य झाकून भर दुपारी दिवेलागण झाल्यासारखं वाटत होतं. करपलेल्या गुळाचा गोड, मळमळवणारा वास नाकात बसत होता. बाळाबाई नावाची एक तरुण बाई ऊर बडवत होती.

"माझं लेकरू आत हाय! सासू घिऊन बसलीया त्याला... ढेपांच्या खोलीत!"

बाकीच्यांनी बंबाचे दांडे धरले. जोतीरामनं भिजवलेलं पोतं अंगावर घेतलं. पथकाचे प्रमुख त्र्यंबक मास्तर शाळेत भूमिती शिकवत. त्यांनी त्याच्या कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक आपल्या मुठीत धरलं.

"मी ओढलं की मागं फिरायचं, जोतीराम. विचार करत बसायचं नाही."

"व्हय, मास्तर."

उंबरा ओलांडून तो पोटावर सरपटत आत शिरला. चार हात गेला असेल नसेल, आणि बाहेरचा आवाज थांबला. बंबाची ठकठक, माणसांचा आरडाओरडा, बाळाबाईचं रडणं... पाठीमागं कुणी दार लोटून घ्यावं, तसं सगळं एकदम बंद. उरला फक्त त्याचा स्वतःचा श्वास. डोळे उघडून उपयोग नव्हता. आणि मग कमरेचा दोर ताणला गेला.

ओढ समोरून येत होती.

धुरात आपण उलटे फिरलो, मास्तर बाहेर बोलावतायत, असं त्याला वाटलं. तो ओढीमागं सरकू लागला. ओढीत घाई नव्हती. हातभर ओढायचं, थांबायचं. पुन्हा हातभर. सवयीच्या हातानं विहिरीतून घागर काढावी तशी. अंगावरचं पोतं वाफाळत होतं, पण मुठीतला दोर मात्र थंडगार होता...

"मास्तर...?"

फक्त आणखी एक हातभर ओढ.

त्याच्या हाताला पाऊल लागलं. बाळाबाईची सासू चिमणाबाई कोपऱ्यात मुटकुळं करून पडली होती आणि तिच्या पदरात बाळ कण्हत होतं.

"आजी, भिऊ नगा. पेठेतला जोतीराम हाय मी."

त्यानं बाळ छातीशी बांधलं, म्हातारीला खांद्यावर टाकलं. पुन्हा ओढ लागली, पाच-सहा पावलं, आणि दोर सैल पडला. समोर हाताला भिंत लागली. दगडाची नव्हे, कुडाची! तालमीत घाम गाळलेला तो गडी. सगळं बळ एकवटून त्यानं लाथ घातली. दुसऱ्या लाथेला कूड फाटला आणि उजेडाचा लोट अंगावर आला.

मोकळ्या हवेत येताच बाळानं जो टाहो फोडला, तो अख्ख्या शिवारानं ऐकला. बाळाबाईनं झडप घालून लेकरू उराशी कवटाळलं. फेटे उडाले, हलग्या नसताना लोकांनी डबे बडवले. चिमणाबाईनं स्ट्रेचरवर डोळे उघडून पाणी मागितलं आणि पिराजीसारखा दांडगा माणूस हमसून रडला. बंबानं एव्हाना आगीचा कणा मोडला होता. गुऱ्हाळाच्या मालकानं आपली माणसं दोनदा मोजली. सगळी बाहेर होती.

मास्तर खोलीला वळसा घालून धापा टाकत आले. त्यांच्या मुठीत वीतभर दोर होता, टोक जळून काळं पडलेलं.

"जिवंत आहेस! अरे, तू आत गेलास आणि उंबऱ्यातच दोर जळून तुटला. मला ओढायलासुद्धा मिळालं नाही..."

"ओढलं न्हाई तुमी?"

"कशानं ओढणार?"

जोतीरामनं त्या जळक्या टोकाकडं पाहिलं. गड्यांनी त्याला खांद्यावर उचललं, जयजयकार घुमला. त्या गर्दीच्या डोक्यावरून त्याला आपला दोर दिसत होता. कमरेपासून खाली लोंबणारा, मातीवरून फाटक्या कुडापर्यंत गेलेला, आतल्या धुरात नाहीसा झालेला. त्यानं घाईघाईनं गाठ सोडली. दोर मातीत पडला.

मग तो हलला. हातभर सरकला, थांबला. पुन्हा हातभर. काम झाल्यावर कुणीतरी नीट गुंडाळून ठेवावा, तसा तो सावकाश आत जात राहिला.