विनीताच्या गालांवरचा रंग

अहमदपूरच्या त्या घराचं दार उघडलं तेव्हा भागवतला आधी वाटलं, पत्ता चुकला. समोर उभा असलेला खंगलेला म्हातारा म्हणजे आपले दत्तोपंत सर, हे त्याच्या डोक्यातच येईना. याच माणसानं त्याला शाळेत शरीरशास्त्र शिकवलं होतं. सर फळ्यावर हृदयाचे चार कप्पे काढायचे आणि लाल-निळ्या खडूनं त्यातून रक्त फिरवायचे. भागवतला ते कधीच कळलं नाही. तरी सरांनी त्याला घरी बसवून, जेवू घालून पास केलं होतं.

भागवत आता लातूरला मंजुश्री बिदरकर यांच्याकडे होता. मंजुश्रीताई आधी नर्सिंग कॉलेजात शिकवायच्या, ते सोडून त्यांनी खासगी तपासाचं काम सुरू केलं होतं. लग्नाआधीच्या चौकश्या, क्लासमधून निघून गेलेली पोरं, असलीच कामं बहुतेक. भागवत गाडी चालवायचा आणि लोकांना बोलतं करायचा. त्यातून अर्थ लावायचं काम ताईंचं.

सरांनी निरोप पाठवून बोलावलं होतं; त्यांनी भागवत आणि ताईंना बसायला सांगितलं. घर एकट्या माणसाचं असूनही नेटकं होतं. सरांची बायको दम्यानं गेली होती. तिला वारा-धूळ लागू नये म्हणून सरांनी प्रत्येक खिडकीच्या कडेला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी बसवली होती. भागवतनं एक झडप लोटून पाहिली. आवाज न होता ती गच्च बसली. सरांच्या हाताला वळणच तसं होतं.

सरांनी सांगितलं ते असं. त्यांची एकुलती एक मुलगी विनीता नांदेडला दिलेली. नवरा मुकुल, खोट्या दागिन्यांवर सोन्याचं पाणी चढवायचा त्याचा कारखाना. जानेवारीतल्या एका सकाळी विनीता अंघोळीला गेली ती बाहेर आलीच नाही. दार फोडलं तेव्हा ती फरशीवर पडली होती. अंगावर जखम नाही, खरचटलेलंही नाही. सरांनी त्याच दिवशी जावयाविरुद्ध फिर्याद दिली. मुकुल आता तुरुंगात होता. प्रयोगशाळेचा अहवाल अजून यायचा होता, आणि त्याआधीच तो जामिनावर सुटेल अशी सरांना धास्ती होती. त्यांना पुरावा हवा होता.

"पण फिर्याद कशावरून दिलीत?" मंजुश्रीताईंनी विचारलं.

सर ताठ झाले. थोडा वेळ ते पुन्हा वर्गात उभे असल्यासारखे वाटले.

"मी दवाखान्यात तिचा चेहरा पाहिला. गाल गुलाबी, ओठ लाल. माझी मुलगी लहानपणापासून रक्त कमी असलेली, पांढरीफटक. आणि मेलेल्या माणसाचं रक्त काळसर पडतं. हिचं लाल राहिलं. का राहील, भागवत?"

भागवतनं ताईंकडे पाहिलं.

"रक्तानं ऑक्सिजन पेशीच्या दारापर्यंत नेला आणि पेशीला तो घेताच आला नाही. म्हणून तो रक्तातच राहिला. सायनाइड हेच करतं. आणि सोन्याचं पाणी चढवायला सायनाइड लागतं, ते मुकुलच्या कारखान्यात असतं. त्या दिवशी सकाळचा चहा त्यानं केला होता. जन्मात कधी केला नव्हता, त्या दिवशी केला."

मंजुश्रीताईंनी हे वहीत लिहून घेतलं. मग तुम्ही तिला शेवटचं कधी भेटलात, एवढंच त्यांनी विचारलं. सर म्हणाले, डिसेंबरात आठवडाभर तिच्याकडे राहून आलो. तिला खोकला झाला होता. वरच्या मजल्याचं घर, चहूकडून वारं. जावयाला भिंतीत खिळा ठोकता येत नाही. नळ, कड्या, झडपा, सगळं मीच नीट करून आलो.

बोलता बोलता त्यांचा आवाज फाटला. भागवतनं उठून पाणी आणून दिलं.

नांदेडला मुकुलच्या आईनं, ज्योत्स्नाबाईंनी, दार उघडलं खरं, पण आत या म्हणाल्या नाहीत. व्याह्यांनी पाठवलेल्या माणसांशी काय बोलायचं, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. भागवतनं त्यांची तब्येत विचारली तेव्हा त्या जरा सैल पडल्या. पित्तानं डोकं धरायचं, म्हणाल्या. पोरगं तुरुंगात गेल्यापासून त्या बहिणीकडे राहत होत्या, इथं घर झाडायला तेवढ्या यायच्या; बहिणीकडे मात्र डोकं एकदाही दुखलं नव्हतं. एवढं दुःख होऊन दुखलं नाही, याचंच त्यांना नवल वाटत होतं.

विनीताचंही डोकं दुखायचं का, हे ताईंनी विचारलं.

"तिचं तर रोजचंच. अंघोळ करून आली की आडवी व्हायची. मळमळायचं म्हणायची. मला वाटलं, गोड बातमी हाय. तेही न्हवतं. मधी मुखेडला लग्नाला गेली तवा चांगली हसत-खेळत होती म्हणं." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "गेल्यावर मात्र गाल असे दिसत होते, नव्या नवरीसारखे."

त्या सकाळचं त्यांनी सगळं सांगितलं. मुकुल आणि त्या, दोघांनी बादलीभर पाण्यात अंघोळ उरकली होती. विनीता शेवटी गेली, केस धुवायचे होते म्हणून. बराच वेळ झाला, हाक मारली, उत्तर नाही. मुकुलनं खांद्यानं दार फोडलं. वरून पाणी चालूच होतं, आणि ते थंडगार होतं. गीझर बंद पडला होता. पोलिसांनी स्वयंपाकघरातला डबान् डबा नेला, बाथरूममध्ये मात्र कुणी फारसं थांबलं नाही.

भांडी घासायला येणारी नीलम्मा देगलूरकडची. दोनदा पोलीस ठाण्यात बसवल्यामुळं ती भेदरलेली होती. भागवत तिच्याशी तिच्या गावच्या बाजाराबद्दल बोलत बसला. मग ती हळूहळू उघडली.

"दीदीनं चा पिला. मंग माझ्यासंगं मेथी निवडली. हासून राहिली होती. मंग न्हायला गेली."

"सगळा चहा प्याली?" ताईंनी विचारलं.

नीलम्मा खाली बघत राहिली. "अर्धा माझ्या कपात वतला. रोज वतायची. पोलिसाला न्हाई सांगितलं. मी पन त्यातली हाय म्हणले असते."

भागवतला वाटलं, बाई घाबरून काहीतरी बोलते आहे. ताईंनी मात्र तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि हे साहेबांपुढं सांगशील ना, म्हणून विचारलं. नीलम्मानं मान डोलावली.

मुकुलला तुरुंगात भेटायची परवानगी वकिलामार्फत मिळाली. दाढी वाढलेला, डोळे खोल गेलेला तो माणूस जाळीपलीकडे बसला. स्वतःला वाचवण्यासाठी तो काहीच बोलला नाही. आदल्या रात्री भांडण झालं होतं हेही त्यानंच सांगितलं.

"कशावरून?" ताई म्हणाल्या.

"ती म्हणत होती, या घरात माझं डोकं दुखतं, मला थोडे दिवस बाबांकडे जाऊ दे. मी म्हटलं, डोकं कुठंही दुखतंच, आईकडं कोण बघणार. सकाळी वाईट वाटलं, म्हणून चहा केला." तो थांबला. "जाऊ दिलं असतं तर..."



तिथून ताई पुन्हा मुकुलच्या घरी गेल्या आणि बाथरूममध्ये उभ्या राहिल्या. खोली एवढीशी. भिंतीवर गॅसचा गीझर. ताईंनी नळ सोडला. गीझरच्या काचेआड जाळ लागला तो निळा नव्हता, पिवळा होता, आणि वरच्या पत्र्यावर काजळी धरली होती. हा गीझर ठरावीक वेळ चालला की आपोआप बंद होतो, हे त्यांनी भागवतला दाखवलं. मग त्यांनी वर पाहिलं. छताजवळ हवेसाठी ठेवलेली खिडकी प्लायवुडच्या फळीनं बंद केली होती. फळी मापात कापलेली, कडा घासून गुळगुळीत केलेल्या, आणि चहूबाजूंनी काळ्या रबराची पट्टी. भागवतनं स्टुलावर चढून बोट लावलं. कुठं फट नव्हती.

"लई चांगलं काम केलंय कुणीतरी," तो म्हणाला.

ताईंनी नळ बंद केला. त्या बाहेर येऊन जिन्यावर बसल्या. ताईंना असं कुठंही बसलेलं भागवतनं कधी पाहिलं नव्हतं.

त्यांनी तपास अधिकाऱ्यांची भेट घेतली. राखून ठेवलेल्या रक्तात एक वेगळी गोष्ट तपासायला सांगा, एवढीच विनंती केली. अधिकारी आधी हसले, पण त्यांनी पत्र पाठवलं. काही दिवसांनी त्यांचा फोन आला. बोलणं संपल्यावर ताईंनी भागवतला गाडी काढायला सांगितली.

अहमदपूरच्या वाटेवर त्यांनी त्याला सगळं उलगडून सांगितलं. ऐकून भागवतनं गाडी रस्त्याकडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

"ताई, सरांना सांगू नका. विषारी गॅस होता, अपघात झाला, एवढंच सांगा. फळी कुणी बसवली ते कशाला?"

"कारण अधिकाऱ्यांनी फोनवर तेच विचारलं. ते म्हणतात, सायनाइड नसेल तर गॅस, पण खिडकी बंद करणारा नवराच. घर त्याचं, भांडण त्याचं. कलम तेच राहणार, फक्त हत्यार बदलणार. ज्यानं फळी बसवली त्यानं सांगितल्याशिवाय मुकुल सुटत नाही."

"सर मरतील."

"माहीत आहे," ताई म्हणाल्या. "चल."

सरांनी दोघांसाठी खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. पुरावा मिळाला, असंच ते धरून होते. मंजुश्रीताई त्यांच्यासमोर बसल्या आणि हळूहळू बोलू लागल्या.

सायनाइड तुम्ही म्हणालात, त्यात तर्क होता, त्या म्हणाल्या. पण सायनाइड थांबत नाही, काही मिनिटांतच मारतं. विनीतानं चहा घेतला, मेथी निवडली, हसली आणि मग अंघोळीला गेली. त्याच कपातला अर्धा चहा नीलम्मा प्याली आणि ती जिवंत आहे. तेव्हा चहात काही नव्हतं. दुसरी गोष्ट, हे त्या सकाळी सुरू झालेलं नव्हतं. कित्येक दिवस अंघोळीनंतर तिचं डोकं दुखत होतं, मळमळत होतं. सासूचंही दुखत होतं. मुखेडला गेली तेव्हा तिचं थांबलं, बहिणीकडे गेल्यावर सासूचं थांबलं. दुखणं माणसात नव्हतं, घरात होतं.

सर लक्ष देऊन ऐकत होते. त्यांच्या कपाळावर आठी आली.

"रक्त लाल राहण्याचं दुसरं कारण काय, सर?"

सरांनी सवयीनं उत्तर दिलं. "कार्बन मोनॉक्साइड. हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींनी घट्ट धरतं. एकदा बसला की जागा सोडत नाही. रक्त गुलाबी दिसतं, पण प्राणवायू नेत नाही. बंद खोलीत शेगडी..."

ते थांबले.

"गीझर," ताई म्हणाल्या. "गॅसचा. जाळाला पुरेशी हवा मिळाली नाही की तो हा वायू सोडतो. दार फोडलं तेव्हा तो आपोआप बंद झालेला होता, पाणी थंड येत होतं, म्हणून कुणाचं तिकडं लक्ष गेलं नाही. घरातली बाकी दोघं बादलीभर पाण्यात उरकायची. विनीता शेवटी जायची, त्या दिवशी तर केस धुवायला बराच वेळ थांबली. त्यात तिचं रक्त मुळातच कमी. प्रयोगशाळेनं काल कळवलं, सर. तिच्या रक्तात तोच वायू निघाला."

"पण तिथं खिडकी आहे. छताजवळ," सर म्हणाले. "हवा..."

 ताईंनी पुढचा प्रश्न विचारला नाही. भागवत जमिनीकडे बघत होता. त्यानं नजर वर केली तेव्हा सर आपल्या दोन्ही हातांकडे पाहत होते.

"ती ओल्या केसांनी खोकायची," ते म्हणाले. "मानेवर वारा यायचा तिच्या. मी फळी बसवली. पट्टी लावली. ती म्हणाली, बाबा, आता कसं ऊबदार वाटतं."

मग त्यांनी विचारलं, मुकुल किती दिवस आत आहे. भागवतनं सांगितलं. सर उठले, खुंटीवरचा सदरा घातला आणि आत्ताच नांदेडला चला म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. असतं तर बरं झालं असतं, असं भागवतला वाटलं.

जबाब झाला. सरांनी अधिकाऱ्यांपुढं हात जोडून सांगितलं, गुन्हा माझा, मला आत घ्या. अधिकाऱ्यांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. हा अपघात आहे गुरुजी, तुमच्यावर काही लागत नाही, असं ते पुन्हा पुन्हा समजावत राहिले. सरांनी चहाला हात लावला नाही. निघताना त्यांनी परत एकदा विचारलं, काहीच लागत नाही का.

मुकुल सुटला त्या दिवशी सर फाटकापाशी उभे होते. भागवत शेजारी होता. थोड्या अंतरावर रिक्षात ज्योत्स्नाबाई तोंड फिरवून बसल्या होत्या. मुकुल पिशवी घेऊन बाहेर आला आणि सरांसमोर थांबला. तो ओरडेल, निदान अंगावर तरी येईल, असं भागवतला वाटलं. सरांना बहुधा तेच हवं होतं.

"तुम्हाला यातलं कळतं म्हणून विचारतो," मुकुल म्हणाला. "तिला त्रास झाला असेल?"

सरांचे ओठ हलले.  "नाही. गुंगी येते. पाय उचलत नाहीत, आणि माणसाला झोप लागते."

"हाक मारायचं सुचत नाही?"

"नाही."

मुकुलनं मान डोलावली. शिव्या दिल्या नाहीत, पायाही पडला नाही. रिक्षात बसून तो निघून गेला.

भागवतनं सरांना अहमदपूरला आणलं. वाटेत सर एकच वाक्य बोलले, की आजपर्यंत किती मुलांना आपण श्वसन शिकवलं असेल.  घरी आल्यावर त्यांनी भागवतला जायला सांगितलं. लातूर लांब आहे, उशीर करू नकोस. भागवत 'हाव, निघतो' म्हणाला आणि गेला नाही.

सर भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. जेवायला उठले नाहीत. भागवत त्यांच्या पायथ्याशी जमिनीवर बसला.  तो फक्त सरांच्या पाठीकडे बघत राहिला, ती वर-खाली होते आहे ना, एवढंच.